फ्रिजसमोरचा पाट: जुन्या फ्यूज बोर्डाला आरसीसीबी जोडताना

ठाण्यात चरईतल्या काकूंनी मला बोलावलं होतं ते दाराच्या बेलसाठी. बेलचं बटण बदलून झालं, चहा आला, तेव्हा माझी नजर स्वैपाकघरात गेली. फ्रिजसमोर जमिनीवर एक लाकडी पाट. मी विचारलं, तर म्हणाल्या, "फ्रिजला हात लावला की जरा मुंग्या येतात. पाटावर उभं राहिलं की नाही येत." ही व्यवस्था त्या घरात तीन पावसाळे चालली होती आणि त्यात काही बिघडलेलं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

मी वायरमन. वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून १९८९ साली बाहेर पडलो, परमिट काढलं आणि तेव्हापासून नौपाडा, चरई, खारकर आळी, कोपरी या पट्ट्यातली जुनी घरंच जास्त केली. घोडबंदरच्या टॉवरमध्ये मला कोण बोलावणार! माझ्या वाट्याला येतात त्या दोन-तीन मजली इमारती, बऱ्याचशा पागडीच्या, जिन्यात मीटर टांगलेले, आणि प्रत्येक घरात एक ठरलेलं वाक्य: "पुढच्या वर्षी बिल्डिंग पाडायचीच आहे." एका इमारतीत हे वाक्य मी बारा वर्षं ऐकतोय. तिथे सगळं वायरिंग नवं करा म्हटलं तर लोक हसतात. म्हणून इथे सांगतोय ते मधलं काम: जुना फ्यूज बोर्ड आहे तिथेच ठेवून त्याच्या आधी संरक्षण कसं बसवायचं. पूर्ण वायरिंग बदलणं केव्हाही चांगलं. पण पाटावर उभं राहण्यापेक्षा हे फार चांगलं.

हे काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं. कायदाही तेच सांगतो. तुम्ही वाचायचं ते अशासाठी, की तो काय करतोय आणि काय टाळतोय हे तुम्हाला कळावं. टाळणारे पुष्कळ आहेत.

काकूंच्या दारामागे सागवानी फळी होती. तिच्यावर लोखंडी पेटीचा मेन स्विच, बाजूला हँडल, खाली पांढऱ्या चिनी मातीचे सहा किटकॅट, म्हणजे ओढून काढता येणारे फ्यूज. सहा किटकॅट म्हणून सहा सर्किट, असं समजू नका. तीन फेजवर होते, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेवर, आणि तीन न्यूट्रलवर, म्हणजे तो परत नेणाऱ्या तारेवर. पूर्वी दोन्ही तारांत फ्यूज घालायची पद्धत होती. आता विचार करा, न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर काय होतं? दिवा विझतो, पंखा थांबतो, घरातला माणूस म्हणतो लाईट गेली, आणि स्टुलावर चढून बल्ब काढायला हात घालतो. फेज तर होल्डरपर्यंत आलेलीच असते. जुन्या बोर्डात मी सगळ्यात आधी हे बघतो, आणि न्यूट्रलमधले फ्यूज सापडले की बाकी काही करायचं नसलं तरी एवढं कराच म्हणून मागे लागतो.

स्वैपाकघराचा किटकॅट ओढून पाहिला. फ्यूजची तार ५ अँपिअरला ०.२ मिलिमीटर जाडीची लागते, १५ अँपिअरला अर्धा मिलिमीटर. इथे कुणीतरी इस्त्रीच्या वायरमधले धागे पिळून घातले होते. किती अँपिअरला उडेल, ते घालणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. "हा फ्यूज कधी उडत नाही," काकू कौतुकाने म्हणाल्या.

पण समजा तार बरोबर आहे. तरी पाटाचा प्रश्न सुटत नाही, आणि इथेच लोकांची गल्लत होते. ५ अँपिअरची फ्यूजतार वितळायला साधारण दुप्पट करंट लागतो. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरा. २३० व्होल्टवर त्याच्या अंगातून जाईल ०.२३ अँपिअर. साठ वॅटचा बल्ब घेतो ०.२६. म्हणजे मोरीत कुणी गीझरला चिकटला, तर फ्यूजच्या लेखी घरात एक बल्ब लागलाय, बस्स. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी बसतो तो आपोआप पडणारा खटका, तोही त्याचसाठी. "आम्ही फ्यूज काढून एमसीबी बसवले, आता काळजी नाही," असं सांगणाऱ्यांना मी हाच बल्बचा हिशेब करून दाखवतो.

माणसासाठी लागतो आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाईन तोडून पडणारा खटका. दुकानात बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात, चालतं, त्यांना कळतं. आत एक लोखंडी कडं असतं आणि त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. वाण्याचा रोजमेळ असतो तसं आहे ते: जेवढा करंट फेजने गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. कुठे कमी भरला, तर तो वायरिंगबाहेर गेला, भिंतीत, नळात किंवा माणसात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या मध्ये कुठेतरी पडतो, ३० वर सेकंदाच्या तीन-दशांशाच्या आत, आणि गळती पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हात आपला आपण सोडवता येत नाही, म्हणून तो इतक्या चटकन पडायला हवा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर हीच मर्यादा आहे.

त्याला काय जमत नाही तेही सांगतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरून कुणी पाटावर उभा राहिला, तर आरसीसीबीला तो माणूस म्हणजे साधा लोड वाटेल. आणि जास्त लोड झाला, शॉर्ट झालं, तर तो काही करणार नाही. त्यासाठी त्याच्या आधी एमसीबी हवाच.

आता काम. पेटी बसवायला अर्धा दिवस पुरतो, त्याआधीची तपासणी दीड दिवस खाते. तुमचा वायरमन थेट ड्रिल घेऊन आला तर त्याला चहा देऊन थांबवा.

पहिला नकाशा. वायरमन मेन बंद करून एक किटकॅट काढतो, मेन चालू करतो, तुम्ही वही घेऊन घरभर फिरायचं: काय बंद पडलं ते लिहायचं. किटकॅट तुम्ही काढू नका, कारण काढल्यावर फळीवर राहिलेल्या त्याच्या बैठकीतली पितळी टोकं उघडी पडतात. वहीत हेही लिहा की कुठल्या वस्तूला, कुठल्या भिंतीला, कुठल्या नळाला मुंग्या येतात. लोक हे सांगायला लाजतात. काकूंच्या घरी फ्रिजशिवाय कपड्यांच्या मशीनला आणि पावसाळ्यात मोरीबाहेरच्या स्विचबोर्डच्या स्क्रूलाही येत होत्या.

फ्रिज, मशीन, स्क्रू, सगळ्यांनाच? म्हणजे एवढ्या वस्तू एकदम बिघडल्या? तसं नसतं. अशा वेळी अर्थिंगच्या मागे जायचं.

फळीवरून ८ गेजची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार निघून माळ्यावरून मोरीत गेली होती. जुनी पद्धत: अर्थ नळाच्या लोखंडी पाइपला बांधायचा, पाइप जमिनीत जातो, झालं अर्थिंग. मी तारेच्या मागे मागे गेलो. मोरीत पोहोचलो आणि हसावं की रडावं कळेना. इमारतीचे पाइप मध्यंतरी प्लॅस्टिकचे झाले होते. प्लंबर इतका इमानदार, की त्याने ती तार नव्या प्लॅस्टिकच्या पाइपला क्लॅम्पने घट्ट आवळून ठेवली होती.

याचा परिणाम नीट समजून घ्या, कारण ठाण्यातल्या जुन्या इमारतींत हे घरोघर आहे. घरातल्या सगळ्या तीन-पिनी सॉकेटांचे अर्थ एकमेकांना जोडलेले आहेत, पण जमिनीला कुणीच नाही. फ्रिजमध्ये गळती झाली की तो करंट अर्थच्या तारेने मशीनच्या पत्र्यावर, गीझरच्या टाकीवर, स्विचबोर्डच्या स्क्रूवर, सगळीकडे जाऊन बसतो. एकाची गळती, सगळ्यांच्या अंगात मुंग्या.

अर्थ आहे पण खराब आहे, तर? गणित सोपं आहे. अर्थचा रोध ५ ओहम असेल आणि फेज पत्र्याला टेकली, तर ४६ अँपिअर वाहतील, १५ चा फ्यूज उडेल. रोध ५० ओहम असेल तर वाहतील ४.६ अँपिअर. फ्यूज ढिम्म राहील आणि पत्रा दिवसभर जिवंत. आरसीसीबी असेल तर मात्र ५० ओहमच काय, पाचशे ओहमचा अर्थही त्याला पाडायला पुरतो, कारण त्याला ०.०३ अँपिअरच हवेत. जुन्या इमारतीत आरसीसीबी लावा असं मी हट्टाने सांगतो ते यासाठी. तिथे चांगला अर्थ मिळणं मुश्किल, आणि वाईट अर्थावर फ्यूज निकामी असतो.

अर्थ अजिबात नसेल तरी आरसीसीबी काम करतो, पण कसं ते ऐका. गळतीला जमिनीत जायला वाट नसते, म्हणून तो वाट बघत बसतो. तुम्ही पत्र्याला हात लावलात की वाट मिळते, तुमच्या अंगातून. तुम्हाला सणसणीत झटका बसतो आणि तो पडतो. जीव बहुधा वाचतो. अर्थ असेल तर तुम्ही हात लावायच्या आधीच पडलेला असतो.

एक जुगाड सांगतो, जे कुणी सुचवलं तर त्या माणसाला घराबाहेर काढा: "अर्थ नाही ना, मग सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून देतो." टेस्टर लावला तर काही दिसत नाही, मुंग्याही जातात. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील.

काकूंच्या इमारतीत सेक्रेटरी भला माणूस निघाला. मागच्या अंगणात नवा अर्थ घेतला: ४० मिलिमीटरचा जीआय पाइप, आयएस ३०४३ प्रमाणे किमान अडीच मीटर खोल, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. तिथून तांब्याची तार जिन्याने वर. खर्च सहा घरांत वाटला गेला. सातव्याने "आम्हाला मुंग्या येत नाहीत" म्हणून पैसे दिले नाहीत. त्याच्या घराला तार दिली तरीही. त्याचा फ्रिज बिघडला तर जिन्याच्या कठड्याला हात लावणारे बाकीचेच असतात. नवा अर्थ आल्यावर मोरीतली ती प्लॅस्टिकला बांधलेली तार काढून टाकली, आणि आठवणीसाठी क्लॅम्प पिशवीत ठेवला.

मग मेगर. हे यंत्र ५०० व्होल्ट डीसी सोडून इन्सुलेशन मोजतं. आधी घरातला प्रत्येक प्लग उपसायचा, बल्ब काढायचे, इन्व्हर्टर सोडवायचा, टीव्हीचा डबा, राऊटर, सगळं. पाचशे व्होल्टला इलेक्ट्रॉनिक वस्तू माफ करत नाहीत. फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजलं, तर किमान १ मेगाओहम यायला हवा. काकूंच्या हॉलमध्ये ८ आला, आतल्या खोलीत ५. स्वैपाकघर आणि मोरीच्या सर्किटला ०.०२. म्हणजे वीस हजार ओहम. २३० ला भागा: साडेअकरा मिलिअँपिअर, एकही यंत्र न लावता, नुसत्या ओल्या भिंतीतून जातायत. या घरात मी तसाच आरसीसीबी बसवला असता, तर फ्रिज लागल्यावर तो पडला असता, मशीन लागल्यावर पडला असता, आणि चौथ्या दिवशी काकूंच्या भाच्याने दुसऱ्या वायरमनला बोलावून तो बायपास केला असता. माझ्या अनुभवात आरसीसीबी निकामी होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच: तो खरं बोलतो म्हणून त्याला काढून टाकतात.

त्या सर्किटची भिंतीतली वायर उपसायला गेलो तर पाइपात पाणीच होतं. जुनी तीन-बावीस, म्हणजे २२ गेजच्या तीन तारांची, वरचं रबर बोटाने चुरगळत होतं. ती सोडून दिली आणि स्वैपाकघर-मोरीपुरती नवी २.५ चौरस मिलिमीटरची वायर बाहेरून केसिंग पट्टीतून फिरवली. दिसायला फार देखणं नाही. काकू म्हणाल्या, "दिवाळीला रंग काढताना पट्टीलाही लावू." बाकीच्या सर्किटांना हात लावला नाही.

खरेदीला मी अजून मुंबईतल्या लोहार चाळीत जातो, सवय. ठाण्यात स्टेशनजवळही सगळं मिळतं. दुकानात चार गोष्टी लक्षात ठेवा.

आरसीसीबीवरचा ४० अँपिअर हा आकडा म्हणजे तो ४० ला पडतो असं नाही. एवढा करंट त्याला झेपतो, इतकंच. त्याच्या आधीचा एमसीबी त्याहून मोठा नको. गळतीचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, तो ३० मिलिअँपिअरच घ्या. दुकानदार म्हणेल, १०० चा घ्या, कमी पडतो. कमी पडतो कारण तो माणसासाठी नाहीच. ज्यांच्याकडे इन्व्हर्टरचा एसी किंवा आतमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असलेलं कपड्यांचं मशीन आहे, त्यांनी ए टाइप मागावा, साधा 'एसी टाइप' नको (या एसीचा थंड हवेच्या एसीशी संबंध नाही). ओळखायची खूण डब्यावर असते: एसी टाइपला नुसती एक नागमोडी लाट, ए टाइपला त्या लाटेखाली अर्ध्या उंचवट्यांची आणखी एक रेघ. आणि आयएसआय शिक्का, आयएस १२६४० या क्रमांकासह. आरसीसीबीची किंमत बऱ्याच घरांतल्या मिक्सरपेक्षा कमी असते. तिथे शंभर रुपये वाचवायला जाऊ नका.

एमसीबीचं माप वायर पाहून ठरवायचं, यंत्र पाहून नाही. काकूंच्या बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट. मीटरपासून आत येणारी वायर ४ चौरस मिलिमीटरची. म्हणून मेनला २५ अँपिअरचा डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा एमसीबी, त्यापुढे ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. "३२ चा टाका ना, पुढे एसी घेतला तर?" भाच्याने विचारलं. एसी घ्याल तेव्हा मीटरपासूनची वायर बदलू, एसीला स्वतंत्र लाईन देऊ, मग ३२. आधी एमसीबी मोठा आणि वायर तीच ठेवली, तर ते चार धाग्यांच्या फ्यूजसारखंच झालं, फक्त दिसायला नवं.

जोडणीच्या दिवशी जिन्यातल्या मीटरपुढचा कट-आउट, म्हणजे घराकडे जाणाऱ्या लाईनचा फ्यूज, काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. शब्दशः खिशात. मीटर, त्याचं सील आणि त्याच्या आधीचं सगळं महावितरणचं. तिथे काही सैल, जळकं दिसलं तर १९१२ ला फोन करायचा, आपण हात घालायचा नाही. कट-आउट काढल्यावरही टेस्टर आणि टेस्ट लॅम्प दोन्हीने लाईन मेली आहे का बघायचं. काकूंच्या जुन्या मेन स्विचचं हँडल खाली केल्यावरही आतलं एक पातं वरच चिकटलेलं होतं. हँडलच्या भरवशावर राहिलो असतो तर हे लिहायला नसतो.

जोडणीचा क्रम असा. मीटरकडून आलेले फेज आणि न्यूट्रल डबल पोल एमसीबीला. तिथून आरसीसीबीला वरच्या बाजूने, न्यूट्रल 'एन' लिहिलेल्या जागीच, कारण काही कंपन्यांचा 'एन' डावीकडे असतो, काहींचा उजवीकडे. आरसीसीबीच्या खालून फेज जुन्या बोर्डाच्या फेजवाल्या किटकॅटना. न्यूट्रलचे तीनही किटकॅट काढून टाकायचे आणि तिथल्या तारा एका न्यूट्रल लिंकवर, पितळी पट्टीवर, घ्यायच्या. किटकॅटमध्ये जाड तार घालून "झाला लिंक" म्हणणारे आहेत. ते चालवून घेऊ नका. अर्थची हिरवी तार आरसीसीबीमधून जात नाही, ती सरळ अर्थ पट्टीवर. आणि आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल मागच्या न्यूट्रलला किंवा अर्थला कुठेही टेकता कामा नये. टेकला की रोजमेळ जुळत नाही.

फेजवाल्या किटकॅटमध्ये मापाची तार घातली: दिव्यांना ५ ची, स्वैपाकघराला १५ ची. उरलेली तार एका पुडीत घालून फळीला बांधून ठेवली, इस्त्रीच्या वायरची पुन्हा आठवण नको म्हणून. पैसे असतील तर या टप्प्यावर किटकॅटच्या जागी एमसीबी घ्याच. ओल्या जागांना वेगळा आरसीसीबी आणि बाकी घराला वेगळा, असं केलं तर गीझरमुळे रात्री सगळं घर अंधारात जात नाही. मात्र मग दोन्हींचे न्यूट्रल लिंकही वेगळे हवेत.

इन्व्हर्टर असेल तर वायरमनला आधीच सांगा. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये कुठेतरी मिसळलेला असतो, आणि आरसीसीबी लावल्याबरोबर ते उघडं पडतं.

अशीच एक गंमत खारकर आळीत झाली होती. भावाभावांची वाटणी झाली, मधे भिंत उभी राहिली, मीटर दोन झाले. थोरल्याकडे मी आरसीसीबी बसवला. सगळं ठीक, पण पडवीतला दिवा लावला की खाड्कन पडायचा. दोन तास मेगर घेऊन फिरलो, वायरिंग स्वच्छ. शेवटी पोटमाळ्यावर सापडलं: पडवीच्या दिव्याची फेज थोरल्याची आणि न्यूट्रल धाकट्याचा. तीस वर्षं एकाकडून निघालेला करंट दुसऱ्याच्या मीटरमधून परत जात होता. भाऊ बोलत नव्हते, त्यामुळे न्यूट्रलची वाटणी मीच दोन घरांत फिरून केली.

नंतर कधी आरसीसीबी पडला, तर घाबरू नका आणि पुन्हा पुन्हा वर ढकलू नका. सगळे प्लग काढा, मग वर करा. राहिला, तर एकेक प्लग लावत जा. ज्याला पडेल तो चोर. बहुतेकदा गीझरची कॉइल असते, नाहीतर जुनी इस्त्री, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवरचा स्विचबोर्ड, आणि एकदा माझ्या वाट्याला बोर्डात मेलेली पालही आली आहे. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर वायरिंगमध्ये दोष आहे, आणि फेजचे सगळे फ्यूज काढूनही पडला तर न्यूट्रल भिंतीत अर्थला टेकलाय. एवढं करून झालं की वायरमनला बोलवा. तोवर पडलेला राहू द्या.

काकूंच्या फ्रिजचा दोष मागच्या वायरच्या गाठीत निघाला, जिथे ती कॉम्प्रेसरजवळ घासत होती. दहा मिनिटांचं काम.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, तो पडला पाहिजे, मग खटका वर करायचा. नाही पडला तर त्याच आठवड्यात बदला. एवढं मात्र ध्यानात ठेवा, की हे बटण आतली यंत्रणा तपासतं, अर्थ नाही. अर्थ वर्षातून एकदा वायरमनकडून बघून घ्यायचा, पावसाळ्याआधी. महिन्याची आठवण कशी राहणार, असं काकूंना विचारलं, तर म्हणाल्या संकष्टीला दाबीन.

गेल्या हिवाळ्यातल्या संकष्टीला दुपारी त्यांचा फोन. "दाबलं. पडतच नाही." मी कोपरीतलं काम टाकून स्कूटरने गेलो. बटण दाबलं, व्यवस्थित पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. काकू माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातून आवाज आला, "आली का हो लाईट तुमच्याकडे? दीड तास नव्हती." बटणाला चालायला लाईन लागते, हे मी त्यांना सांगायचं विसरलो होतो.